भरीत एक नंबर, पण एकटीला मिळणार नाही

आधीच सांगते, एकटे जाणार असाल तर जाऊ नका. म्हणजे जा हवं तर, पण उपाशी परत याल, मी आलेय.

दुकानाचं नाव विचारू नका कारण त्याला नावच नाहीये. जळगावहून असोद्याच्या रस्त्याला लागलं की गाव यायच्या आधी एक पत्र्याची शेड दिसते, बाहेर कपाशीच्या काड्यांचा माणूसभर उंच ढीग, आणि एका जुन्या पत्र्यावर चुन्याने लिहिलंय 'भरीत तयार करून मिळेल, वांगी भाजून मिळतील'. बास. मॅपवर बघितलं तर तिथे नुसतं शेत दिसतं. बाबांना विचारलं तर ते म्हणे "ते काड्यांच्या ढिगाचं दुकान", सगळे तसंच म्हणतात म्हणे, आणि मार्चमध्ये काड्या संपल्या की दुकानही संपतं. त्या रस्त्याला हिवाळ्यात अशी बरीच लागतात, मी सांगतेय ते मोठ्या ढिगाचं.

थोडं माझ्याबद्दल सांगते म्हणजे कळेल की मी भरिताच्या बाबतीत एवढी हट्टी का आहे. मी जळगावची, चार वर्षं झाली पुण्यात नोकरीला, आणि या चार वर्षांत एकदाही ऐन थंडीत घरी आले नव्हते. दिवाळीला येते पण दिवाळीत काय उपयोग, वांगी नुकती धरायला लागलेली असतात आणि आमची आजी चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय वांगं घरात येऊ देत नाही. आणि चंपाषष्ठीला माझी सुट्टी संपून महिना होत आलेला असतो. मग पुण्यात ते जांभळं वांगं गॅसवर भाजायचं, वरून टोमॅटो, हळद, तिखट सगळं घालायचं, लाल झालेलं ते प्रकरण फ्लॅटमेट प्रेमाने करते आणि मी पण खाते, काही बोलत नाही, पण त्याला भरीत म्हणताना जीभ जड होते यार.

तर यावेळी डिसेंबरमध्ये चार दिवस सुट्टी मिळाली. रात्री पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने बसले, सकाळी जळगाव. घरी आंघोळ करून आईला म्हटलं भरीत खायला जाते, ती म्हणाली दुपारपर्यंत थांब मी येते सोबत, पण तिला आधी मावशीकडे भादलीला जायचं होतं. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आईचा पाय घरात टिकत नाही, आजी तर पंचाहत्तरीच्या पुढची, तिला फुकटच, त्यामुळे दोघी मिळून कुठे कुठे फिरतात त्याचा पत्ता लागत नाही. मी थांबले नाही. बाबांची अ‍ॅक्टिव्हा काढली आणि गेले एकटीच.

शेडमध्ये एक मावशी, साठीच्या असतील, आणि त्यांचा मुलगा. मी बाकावर बसून एकदम पुण्यातल्यासारखं म्हटलं, "मावशी, एक प्लेट भरीत-पुरी द्या."

"प्लेट नाई माय. इथी किलोनं ऱ्हातं. अर्ध्या किलोच्या खाली करत नाई."

"बरं अर्धा किलो करा."

"संग कोन हाये?"

"एकटीच आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी काही चोरून आणलंय. "मंग अर्धा किलो तू काय करशीन? दोन घास खाशीन अन् फेकशीन. जाय, कोनाले तरी घिऊन ये उद्या."

मला खरं सांगते राग आला. पैसे मी देतेय, मी खाईन नाहीतर घरी नेईन, तुम्हाला काय करायचंय. पण बाई ऐकेचना, भट्टीही विझलेली होती, एकटीसाठी पेटवायची तर काड्या वाया. मुलगा म्हणाला "ताई, उद्या दहाच्या आत या, संगं चार जण आना, मस्त करून देतो". शंभर-दोनशे रुपयांचं गिऱ्हाईक असं कोणी परत पाठवतं का? तिथल्या तिथे एक स्टार कापला होता मी मनात. दुपारी घरी वरण-भात खाल्ला.

आता 'कोनाले तरी' म्हणजे कोणाला हा प्रश्न आला. आई-आजी भादलीहून मुक्काम करून येणार होत्या (अर्ध्या तिकिटाचे परिणाम). बाबा वांगं खात नाहीत, त्यांना अंगाला खाज सुटते. भाऊ नाशिकला. शाळेतल्या ग्रुपवर बघितलं तर जळगावात कोणी उरलंच नाहीये, सगळे पुणे, मुंबई, सुरत, एक जण कॅनडात. आणि मग उरली सोनू, भुसावळात, पंचवीस किलोमीटरवर.

सोनू आणि मी पाचवीपासून एका बाकावर. कॉलेजमध्ये पण एकत्र, विद्यापीठात एमएस्सीलाही एकत्र, बांभोरीच्या पुलावरून गिरणेकडे बघत रोजची ये-जा. आणि मग तिच्या लग्नाला मी गेले नाही. ऑफिसात मोठं काम होतं, सुट्टी मिळत नव्हती, असं मी सांगितलं तिला. मिळाली असती खरं तर, मागितली असती तर. त्या महिन्यात मला स्वतःचंच काहीतरी चाललेलं होतं, घरी आले की सगळे "आता तुझा नंबर" म्हणणार, ते नको होतं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती काहीच बोलली नाही. नुसतं हळूहळू बोलणं कमी होत होत वाढदिवसाला केकचं स्टिकर आणि दिवाळीला पणतीचं स्टिकर एवढ्यावर आलं. दोन वर्षं स्टिकर.

फोन लावायच्या आधी मी अर्धा तास अंगणात फेऱ्या मारल्या. काय बोलू, सुरुवात कशी करू, आधी सॉरी म्हणू का आधी कशी आहेस म्हणू. तिने उचलला आणि मी भडाभडा सांगितलं की असं असं झालं, एका मावशीने मला भरीत दिलं नाही एकटी आहे म्हणून, उद्या येतेस का. पलीकडे दोन सेकंद शांतता, आणि मग म्हणे, "किती किलो?"

रविवारी सकाळच्या गाडीने ती आली, हातात सासूबाईंचा तीन पुडाचा स्टीलचा डबा, प्रत्येक पुडावर सासूबाईंचं नाव आणि तारीख कोरलेली. घरी सांगून आली होती की भरीत आणते, त्यामुळे परवानगीचा प्रश्नच आला नाही, सासूबाईंनीच स्टेशनवर सोडायला नवऱ्याला उठवला. स्कूटीवर मागे बसली, मी म्हटलं थंडी आहे स्कार्फ नीट बांध, ती म्हणाली हो. एवढंच. असोद्यापर्यंत पुढे काही नाही.

पोचलो तेव्हा भट्टी लागायचीच होती, म्हणजे आम्ही वेळेत होतो. मावशींनी मला ओळखलं, सोनूकडे बघून म्हणाल्या "हां, आता बस".

आता मुख्य मुद्दा, भरीत. हे नीट सांगणार आहे कारण बऱ्याच जणांना वाटतं वांगं भाजलं की भरीत झालं.

वांगी पाटीत होती, फिकट हिरवी, खाली पोटाकडे पांढरट, एकेक वांगं पाव किलोच्या वरचं, सालीला तकाकी अशी की वाटावं तेल लावलंय. मावशींनी सोनूच्या हातात एक दिलं आणि म्हणाल्या पाय किती हलकं हाये. खरंच दिसायला एवढं मोठं पण वजनाला हलकं, बी कमी असलेलं वांगं असंच असतं म्हणे, जड लागलं की समजायचं बियांनी भरलंय. काही बामणोदची होती, काही इथलीच असोद्याची, आणि दोन्ही गावांची माणसं आपलंच वांगं खरं म्हणतात, त्या भांडणात मी पडत नाही. सोनू शाळेत विज्ञान शिकवते त्यामुळे तिला माहिती सांगायची सवय, ती मावशींना म्हणाली की जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मिळालाय, केळीला पण त्याच वर्षी मिळाला. मावशींनी विचारलं ते काय ऱ्हातं? सोनूने समजावलं, सरकार लिहून देतं की हे वांगं इथलंच. मावशी म्हणाल्या, "ते त मले बी माहीत हाये. भाव वाढते का त्याच्यानं?" सोनू गप्प.

जमिनीवरच काड्या अंथरल्या, त्यावर वांगी ओळीने, प्रत्येकाला सुरीचं टोक एकदा खुपसलेलं म्हणजे फुटून अंगावर येत नाही, वर परत काड्या, आणि पेटवलं. कपाशीची वाळलेली काडी पेटते ती एकदम भडकून पेटते, दोन-तीन मिनिटं नुसता जाळ, आम्ही मागे सरकलो, आणि मग जाळ बसला की खाली लालभडक निखारे आणि त्यात वांगी काळी पडत चाललेली. मुलगा लांब सळईने एकेक फिरवत होता. वांग्याच्या भेगेतून रस बाहेर येऊन निखाऱ्यावर चर्र वाजतो ना, तो आवाज आणि तो वास, त्यासाठी मी पुण्याहून आले होते असं मला त्या क्षणी वाटलं. गॅसवर हे होत नाही. गॅसवर साल जळते, आत धूर जात नाही.

मग वांगी पाटीत काढून झाकून ठेवली, आणि पाच-दहा मिनिटांनी देठाला धरून सोलायला घेतली. बोटं पाण्यात बुडवायची, वांगं नाही. माझी चूक झाली, मी मदत करायला गेले आणि सोललेल्या वांग्यावर काळे कण राहिलेत म्हणून तांब्याने पाणी ओतायला निघाले, मावशी जवळजवळ ओरडल्याच, "चव धुऊन टाकती का व माय!" तर ते दोन-चार काळे कण राहू द्यायचे असतात, लक्षात ठेवा.

ठेचायला बडगी होती, लाकडाची, खोलगट, इतकी वापरलेली की आतून गुळगुळीत आणि काळपट झालेली. आधी हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ हे ठेचलं आणि मग त्यात वांगी. मावशींचा हात दुखत होता, मुलगा पुऱ्यांचं पीठ मळत होता, त्यांनी मुसळ सरळ सोनूच्या हातात दिलं. आणि तिथे काहीतरी झालं. सोनू ठेचायला लागली, ठक ठक ठक, मी समोर बसून कडेला आलेलं परत आत लोटत होते, आणि ठेचता ठेचता ती म्हणाली, खाली बघूनच, "तुझ्या आहेराचं पाकीट अजून आलं नाही."

मी म्हटलं, "पोस्टात अडकलं असेल."

"दोन वर्षं?" ठक. "माझ्या नणंदेने तुझ्यासाठी मेंदीवाली थांबवून ठेवली होती रात्री अकरापर्यंत." ठक. "ती बाई एक्स्ट्रा पैसे घेऊन गेली." ठक ठक.

मला माहीतच नव्हतं हे. मी सॉरी म्हटलं, तर ती म्हणाली नीट लोट, कडेला राहतंय. मग मी सांगितलं का नाही आले ते, खरं कारण, सुट्टीचं नाही. ती ठेचत राहिली. वांगं केव्हाच बारीक झालं होतं, मावशी म्हणाल्या "बाई आता भरीत हाये ते, चटनी नको करू त्याची", तेव्हा थांबली. घाम आला होता तिला डिसेंबरमध्ये.

फोडणीबद्दल एकच सांगते, तेल बघून घाबरू नका. कढईत तेल, त्यात जिरं, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, अजून थोडा लसूण, आणि कांद्याची हिरवीगार पात, मूठभर नाही, जुडीच्या जुडी. हळद नाही, लाल तिखट नाही, टोमॅटो तर नावच काढू नका. रंग तसाच राहतो, पांढरट हिरवा. त्यात ठेचलेलं वांगं, वरून कोथिंबीर, झालं. आम्ही दीड किलो केलं होतं, अर्धा आमचं, अर्धा सासूबाईंचं, अर्धा मी पुण्याला न्यायचं म्हणून. किलोला २२० रुपये पडले, कळण्याच्या पुऱ्यांचे वेगळे. पैसे मी दिले आणि सोनूला म्हटलं हा आहेर समज. ती म्हणाली पुऱ्यांचे पण तूच दे मग, आहेरात अकरा रुपये वर ठेवतात.

पुऱ्या कळण्याच्या म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळलेलं पीठ, मीठ दळतानाच टाकलेलं, काळसर, थोड्या जाडसर. गरम गरम एक-एक तिथेच उभ्याने खाल्ली भरिताबरोबर. तिखट आहे. भरीत तिखटच असतं पण हे आधी कळत नाही, तिसऱ्या घासाला कानात जातं. मुळ्याच्या चकत्या आणि कांदा फुकट. एवढ्यात गाडीवर एक कुटुंब आलं आणि बाक त्यांनी घेतला, बाक एकच आहे, तर आम्ही ठरवलं की बाकीचं कुठेतरी जाऊन खाऊ. मावशींनी न मागता केळीचं पान कापून दिलं, गुंडाळून. केळीचं पान आमच्याकडे मागावं लागत नाही, ते एक बरंय.

कुठे जायचं तर सोनू म्हणाली चांगदेव. मी म्हटलं वेडी आहेस का, साठेक किलोमीटर आहे, स्कूटीवर. म्हणे मग काय झालं, आपण एमएस्सीला असताना उनपदेवला गेलोच होतो की पावसात. ते खरंय, आणि येताना अडावदजवळ पंक्चर होऊन एका केळीच्या ट्रकवाल्याने आम्हाला स्कूटीसकट चोपड्यापर्यंत सोडलं होतं, त्याची गोष्ट आम्ही घरी आजपर्यंत सांगितलेली नाही.

नशिराबादवरून हायवेला लागलो, भुसावळ, मग दीपनगरची ती धुरांडी, वरणगाव. वाटेत सोनूच्या घरावरून जाताना थांबून सासूबाईंचं भरीत द्यायचं ठरलं होतं, पण ती म्हणाली येताना देऊ, आत्ता गेलो तर चहा, मग नाश्ता, मग अल्बम. हायवे आता चांगला रुंद झालाय पण स्कूटीला बाजूने जाणारे कंटेनर असे ढकलतात की मी चाळीसच्या वर गेलेच नाही. आणि या दीड-दोन तासात आमची दोन वर्षांची भरपाई झाली, कारण हेल्मेटमुळे सगळं ओरडून बोलावं लागतं आणि ओरडून बोलताना नाजूकपणे काही बोलताच येत नाही. तिने ओरडून सांगितलं की तिला पहिलं वर्ष सासरी अजिबात करमलं नाही. मी ओरडून सांगितलं की माझं ते जे चाललं होतं ते संपलं. ती ओरडली "बरं झालं!" आणि शेजारचा बाईकवाला वळून बघायला लागला.

चांगदेवला तापी आणि पूर्णा मिळतात. पुढे हतनूरचं धरण असल्याने पाणी पसरलेलं, थंडीत पक्षी पण येतात त्या बाजूला. जुनं दगडी मंदिर आहे, आत गेलो, पाया पडलो, गार दगडाला हात लावला. मुक्ताईनगर तिथून जवळच, आजी अजून त्याला एदलाबादच म्हणते. मंदिराबद्दल जास्त लिहीत नाही, तो वेगळा विषय आणि तिथे आम्ही खरं सांगायचं तर भुकेने मरत होतो. घाटाच्या पायऱ्यांवर बसलो, पान अंथरलं, डबा उघडला.

तर रिव्ह्यूच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की दोन-तीन तासांनी, गार झालेलं भरीत गरमपेक्षा चांगलं लागलं. मी अतिशयोक्ती करत नाहीये. गरम असताना तिखट आणि तेल पुढे पुढे करतं, गार झाल्यावर धुराची चव वर येते, शेंगदाणा मऊ होतो, पात अजून कुरकुरीत असते. पुऱ्या मात्र गार झाल्या की चामडं, त्या तिथेच खाऊन घ्या आणि सोबत भाकरी न्या. अर्धा किलो दोघींत संपलं आणि मग आम्ही पुण्याच्या वाट्यात हात घातला. मावशी मला म्हणाल्या होत्या अर्धा किलोचं काय करशीन. मावशी, आम्ही दोघींनी पाऊण किलो खाल्लं, सांगा आता.

एक आजोबा शेजारी बसले होते, पंढरपूरला जाऊन आलेले, गळ्यात माळ. आम्ही विचारलं घेता का थोडं, ते म्हणाले लसूण आहे ना, मी नाही खात. पण वास घेतो म्हणाले आणि खरंच जवळ येऊन बसले.

परतताना उशीर झाला आणि तिथून सगळा गोंधळ. माझी रात्रीची ट्रॅव्हल्स होती (ट्रेनचं परतीचं तिकीट वेटिंगवरून पुढे सरकलंच नाही). भुसावळला पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते, सोनूच्या घरी चहा झालाच, अल्बम पण झाला, आणि अल्बममध्ये मेंदीच्या रात्रीच्या एका फोटोत खरोखर एक रिकामी खुर्ची होती, सोनूने बोट ठेवून दाखवली, मला वाटतं ती मुद्दाम दाखवायलाच अल्बम काढला होता. सासूबाईंनी भरीत चाखलं, म्हणाल्या चांगलंय पण आमच्या शेतातल्या पार्टीचं याच्यापेक्षा भारी होतं, जे सगळ्या सासूबाई म्हणतात. त्यांनी स्वतःचं भरीत पातेल्यात काढून घेतलं आणि उरलेलं माझं डब्यात तसंच ठेवून डबा माझ्या हातात दिला, पोरी प्लास्टिकच्या पिशवीत कुठे नेशील, ने.

हे पण लिहून ठेवते कामाला येईल, भरीत पुण्यापर्यंत टिकतं का. सकाळी अकराला झालेलं, रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये, सोमवारी सकाळी सातला मी वाकडला उतरले, म्हणजे वीस तास. थंडी होती म्हणून टिकलं, उन्हाळ्यात अजिबात धाडस करू नका, पण उन्हाळ्यात वांगी तशी मिळतही नाहीत. त्रास झाला तो वेगळाच, ट्रॅव्हल्सवाल्याने एसी इतका वाढवला होता की ब्लँकेटमध्ये कुडकुडत होते, थांबवून सांगितलं तरी ढिम्म, पण त्यामुळे भरीत फ्रीजमध्ये राहिल्यासारखं राहिलं, तर तक्रार करू का आभार मानू कळत नाही. डब्याचं झाकण घट्ट होतं तरी वास सुटलाच. वरच्या बर्थवरचा एक मुलगा खाली डोकावून म्हणाला, "ताई, भरीत आहे का?" मी म्हटलं हो. "असोद्याचं?" मी म्हटलं तुला कसं कळलं. म्हणे आम्ही पाळधीचे. त्याला दिलं चमचाभर, झाकणात. माझ्या वाट्याचं आता वाटीभरच उरलं होतं.

आणि ती वाटी सकाळी फ्लॅटमेटने खाल्ली, ती साताऱ्याची. आधी म्हणाली रंग आजारी माणसासारखा दिसतोय. मग खाल्लं. मग म्हणाली आमच्याकडे यात दही घालतात. मी म्हटलं घालून बघ आणि उद्यापासून वेगळी खोली बघ. मग उरलेलं तिने दह्याशिवाय पोळीबरोबर संपवलं, मला एक घास ठेवला.

आता तक्रारी. हात धुवायला एक प्लास्टिकचा ड्रम आणि पाणी घ्यायला एक मग, साबण नाही, तेलकट हात घेऊन स्कूटी चालवली मी. बाथरूम नाही, बायकांनी घरून निघतानाच विचार करून निघावं. बसायला तो एक बाक. ऑनलाइन पेमेंटचा कोड लावलेला आहे पण तो मुलाच्या मोबाइलला जोडलेला आणि मुलगा वांगी आणायला गेला की मावशी म्हणतात रोख द्या, तर सुट्टे न्या. वेळ लागतो, सांगून एक तास, आमचा सव्वा तास झाला. धूर इतका की केसांचा वास दोन धुण्यांनी गेला नाही. आणि ते अर्ध्या किलोचं आणि सोबत माणूस आणायचं. त्याचा कापलेला स्टार मी परत देत नाहीये, तत्त्वाचा प्रश्न आहे, कोणाला खरंच एकट्याने खायचं असेल तर त्याने काय करायचं? पाचपैकी चार.

भरिताला मात्र पाच.

जायचं असेल तर जानेवारी संपायच्या आत जा, सकाळी दहाच्या आत पोचा, डबा घरून न्या आणि स्टीलचाच न्या, कारण ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात आणि गरम तेल त्यातून झिरपतं, शेजारच्या गिऱ्हाइकाच्या डिकीचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

बाय द वे तो डबा अजून माझ्याकडेच आहे, तीन पूड, सासूबाईंचं नाव कोरलेलं. सोनूचे तीन मेसेज आले, तिसरा स्टिकर नव्हता, व्हॉइस नोट होता, सासूबाई रोज विचारतात म्हणे. संक्रांतीच्या आसपास एक शनिवार-रविवार जमवून द्यायला जाणारच आहे पण रिकामा डबा तर परत देता येत नाही, तर पुण्यातून काय भरून नेऊ ते कुणीतरी सुचवा. बाकरवडी सोडून.